बरणीत न राहणारं सीताफळ

मुलांनो, दसरा उलटल्यावर कधी बीड जिल्ह्यातल्या धारूरला आलात, तर घाटात गाडीच्या खिडकीतून जरा बाहेर पाहा. बालाघाटाच्या या डोंगरांवर माती थोडी आणि दगड फार. पण त्या दगडांतून हिरवी झुडपं डोकं वर काढून उभी असतात. ती सीताफळाची. कुणी त्यांना पाणी घालत नाही, खत घालत नाही. शेळ्या बाकी सगळं ओरबाडतात, पण सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. म्हणून ती टिकली आणि वाढली.

धारूर म्हटलं की मोठ्या माणसांना किल्ला आठवतो. आम्हा मुलांना मात्र सीताफळंच आठवायची. आमच्या गावाचं नाव तर एका सीताफळाच्या वाणालाच मिळालंय! अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. तिथे निवडलेल्या एका वाणाचं नाव आहे 'धारूर-६'. आणि २०१६ साली 'बीडचं सीताफळ' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे नाव लावून दुसरीकडचं फळ विकायचं नाही, असा कायद्याचा शिक्का.

एवढा मान मिळाला, पण सीताफळाची एक खोड काही गेली नाही. ते थांबत नाही! आज झाडावरून काढलं, की तीन-चार दिवसांत मऊ. मऊ झालं की त्याच दिवशी खायचं. दुसऱ्या दिवशी काळं पडतं, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर चिलटं घोंघावतात.

मागच्या दिवाळीत माझ्या अक्काची नात सुट्टीला आमच्याकडे आली होती. वय वर्षं बारा, आणि प्रश्न चोवीस तास चालू. संध्याकाळी आम्ही दोघं बाजारात गेलो. एक मावशी टोपलं पुढे घेऊन बसली होती. सकाळी चढ्या भावानं विकलेली सीताफळं ती आता निम्म्या भावानं देत होती.

"घ्या की भाऊ सगळीच," ती म्हणाली. "उद्या कोन इचारतंय यान्ला?"

आम्ही टोपलं रिकामं केलं. घरी येताना नात म्हणाली, "आजोबा, मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिलाय. परदेशातली एक आजी चेस्टनट नावाची फळं सोलते, उकडते, काचेच्या बरणीत भरते आणि वर्षभर ठेवते. आपण सीताफळाची तशी बरणी भरू या ना! संक्रांतीला आजी इथे येणार आहे. तिला देऊ."

मला हसू आलं. कारण हाच उद्योग मी पन्नासएक वर्षांपूर्वी करून बसलो होतो, आणि तोही याच आजीसाठी.

माझ्या दोन बाटल्या

त्या वर्षी अक्काचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. दिवाळीला तिला येता आलं नाही. येणार होती ती एकदम संक्रांतीला. अक्काला सीताफळ म्हणजे जीव की प्राण. मी ठरवलं, तिच्यासाठी सीताफळ राखून ठेवायचंच. घरात फ्रीज नव्हता. पण माळवदाच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, दादरा बांधलेली. लोणचं वर्षभर टिकतं, तर सीताफळ का टिकू नये?

मी दोन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत सीताफळाचा गर तसाच भरला आणि झाकण गच्च लावलं. दुसरीसाठी गर पातेल्यात घालून चुलीवर चांगला शिजवला, मग भरला. दोन्ही बाटल्या कणगीच्या मागे लपवल्या.

चौथ्या दिवशी दुपारी फट्कन आवाज झाला. पहिल्या बाटलीचं झाकण उडून आढ्याला लागलं, आणि फसफसणारा आंबूस गर भिंतीवर! आईनं विचारलं, "काय रे हे?" मी दुसरी बाटली पुढे केली. तिनं बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं. कडू! चांगलं साखरेसारखं गोड सीताफळ कडवट झालं होतं.

आईनं मला रागावलं नाही. एवढंच म्हणाली, "अरे, ज्याचं त्याचं राखायचं तंत्र येगळं असतं. कैरीचं सीताफळाला कसं चालंल?"

हे वाक्य मला तेव्हा समजलं नाही. पुढे शाळेत विज्ञान शिकलो, तेव्हा समजलं.

न दिसणारे पाहुणे

पदार्थ नासतो म्हणजे काय होतं? हवेत, फळाच्या सालीवर, आपल्या हातांवर असंख्य सूक्ष्मजीव असतात. बुरशी, यीस्ट म्हणजे किण्व, आणि जीवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, पण आपल्याआधी जेवायला बसतात. माझ्या पहिल्या बाटलीत यीस्टनं गरातली साखर फस्त केली आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडला. वायूला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून झाकण उडालं.

या पाहुण्यांना दूर ठेवायच्या काही युक्त्या आहेत, आणि त्या आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून वापरात आहेत.

पहिली युक्ती मीठ. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की थोड्या वेळात पाणी सुटतं, पाहिलंय ना? मीठ फोडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. जीवाणूच्या पेशीतलंही ते असंच ओढतं. पाणी गेलं की त्याचं वाढणं थांबतं.

दुसरी युक्ती साखर किंवा गूळ. हेही पाणी धरून ठेवतात. मुरंब्यात, साखरांब्यात साखर इतकी असते की जीवाणूंना पाणी समोर दिसतं, पण पिता येत नाही. म्हणून साखर कमी टाकलेल्या मुरंब्याला लवकर बुरशी येते.

तिसरी युक्ती आंबटपणा. कैरी, लिंबू, चिंच, आवळा यांच्या आंबट रसात बहुतेक जीवाणूंचं काही चालत नाही.

चौथी युक्ती वाळवणं. वाळवणाची गवार, सांडगे, पापड आठवा. पाणीच नाही, तर पाहुणे जेवणार काय?

लोणच्यात यांपैकी दोन युक्त्या एकदम असतात, मीठ आणि आंबटपणा. वर तेलाचा थर असतो, तो फोडींना हवा लागू देत नाही, म्हणून बुरशी धरत नाही. आता सीताफळाकडे पाहा. आंबट? मुळीच नाही. खारट? नाही. पाणी भरपूर आणि साखर पाहुण्यांना आवडेल तेवढीच. म्हणजे आमंत्रणच की!

मग उकळून बंद केलं तर?

माझ्या नातीनं हाच प्रश्न विचारला. तो अगदी बरोबर आहे. त्यासाठी आपण थोडं फ्रान्सला जाऊन येऊ.

दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या काळात फ्रेंच सैन्याला दूरवर टिकणारं अन्न हवं होतं. निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला वर्षानुवर्षं प्रयोग करत होता. तो काचेच्या बाटलीत अन्न भरायचा, बूच घट्ट बसवायचा आणि ती बाटलीच उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवायचा. अन्न महिनोन्‌महिने टिकू लागलं. सरकारनं त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं आणि १८१० साली त्यानं आपली रीत पुस्तकात छापली. गंमत म्हणजे अन्न का टिकतं, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. जंतूंचं कोडं लुई पाश्चरनं उलगडलं, ते पन्नासएक वर्षांनंतर.

म्हणजे उकळलं, बंद केलं, काम झालं? थांबा. इथेच खरी मेख आहे, आणि आईबाबांनीही हा भाग वाचावा.

१८९५ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. बेल्जियममधल्या एलेझेल नावाच्या खेड्यात एका अंत्ययात्रेत वाजवायला बँडवाले आले होते. त्यांनी मिठाच्या पाण्यात मुरवलेला हॅम, म्हणजे डुकराचं मांस, खाल्लं. नंतर त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, गिळता येईना, बोलता येईना. तिघं दगावले. एमिल व्हान एर्मेनगेम या शास्त्रज्ञानं त्या मांसातून एक जीवाणू शोधून काढला. तोच आज 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' म्हणून ओळखला जातो.

हा जीवाणू मोठा विचित्र आहे. तो मातीत असतो. इतर पुष्कळ जंतूंना हवा लागते, याला हवा नसलेली जागा आवडते. पाणी उकळतं ते १०० अंशांवर, पण याची बीजं म्हणजे बीजाणू तेवढ्या उष्णतेतही जिवंत राहतात. आपण उकळून बाकीचे जंतू मारतो, झाकण लावून हवा काढून टाकतो, आणि याला एकट्याला मोकळं घर करून देतो! तिथे तो वाढतो आणि जबरदस्त विष तयार करतो. त्याचा वास येईलच असं नाही, रंग बदलेलच असं नाही.

तो फक्त काही गोष्टींना घाबरतो. त्यातली एक म्हणजे आंबटपणा. शास्त्रज्ञ आंबटपणा 'पीएच' या मापानं मोजतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. ४.६ ही सीमारेषा. त्याच्या खाली हा जीवाणू वाढू शकत नाही. लिंबू आणि कैरी या रेषेच्या पुष्कळ खाली आहेत. पिकलेलं सीताफळ वर आहे. आणि व्हिडिओतले चेस्टनटसुद्धा वरच आहेत.

असे आंबट नसलेले पदार्थ बंद डब्यात टिकवायचे, तर कारखान्यात दाबाच्या यंत्रात साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. घरच्या पातेल्यात ते होत नाही. घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजूनही त्याचा भरवसा धरता येत नाही. आणि सीताफळाला एवढं तापवलं, तर काय होईल? माझी दुसरी बाटली आठवा. कडू!

"म्हणजे त्या व्हिडिओतल्या आजीचं चुकलं?" नातीनं विचारलं.

"ती कशा यंत्रात तापवते, ते व्हिडिओत नीट दिसलं का?" मी विचारलं.

ती विचारात पडली. "ते नाही दाखवलं. गाणं होतं आणि बरणी दिसत होती."

डोंगरातल्या माणसांचं शहाणपण

चेस्टनट हे युरोपातल्या डोंगरातलं फळ. काटेरी कवचात तपकिरी बी, चव गोडसर, आणि भरपूर पिठूळ. दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेन डोंगरात धान्य फार पिकत नसे. तिथली गरीब माणसं हिवाळाभर चेस्टनटवर गुजराण करायची. त्या झाडाला ते 'पावाचं झाड' म्हणत. आपण 'भाकरीचं झाड' म्हटलं असतं!

मग त्यांनी ते टिकवलं कसं? बरणीत नाही. दगडाची छोटी खोपटं बांधली. खाली मंद धुराचा जाळ, वर फळ्यांच्या माळ्यावर चेस्टनट पसरलेले. कित्येक आठवडे धूर दिला की ते खडखडीत वाळत. मग सोलायचे, वर्षभर शिजवायचे, दळून पीठ करायचं. ही आपली चौथी युक्ती, वाळवण. श्रीमंतांकडे तेच चेस्टनट साखरेच्या पाकात मुरवत. ती दुसरी युक्ती. आमच्या आईसारखंच त्यांनाही कळलं होतं, ज्याचं त्याचं तंत्र वेगळं.

सीताफळाला मीठ चालत नाही. वाळत घालावं, तर एवढा रसाळ गर वाळायच्या आधीच आंबतो आणि काळा पडतो. पाकात शिजवलं तर कडवट. मग उरलं काय?

उरली पाचवी युक्ती, जी माझ्या लहानपणी आमच्या घरात नव्हती. थंडी.

थंडीची बरणी

थंडीनं जंतू मरत नाहीत, हे आधी लक्षात ठेवा. ते फक्त गारठून झोपतात. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, शून्याच्या खाली १८ अंशांच्या आसपास, ते वाढत नाहीत. आज सीताफळाचा गर यंत्रानं काढून गोठवतात आणि तो आइस्क्रीम, रबडी करणाऱ्यांकडे जातो. टोपल्यातली उरलेली फळं मातीमोल होण्याऐवजी त्यांचे चार पैसे होतात. घरीही हे करता येतं. आम्ही केलं ते असं.

सीताफळं पिकू दिली. सीताफळाचे डोळे उघडलेले असले, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा रुंद होऊन फिक्या झाल्या असल्या, की फळ तयार समजावं. ते गवतात किंवा कागदात घालून ठेवलं की पिकतं. कच्चं फळ मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका. ते पिकत नाही, नुसतं काळं पडतं.

हात आणि भांडी स्वच्छ धुऊन पुसली. चमच्यानं गर काढला आणि स्टीलच्या चाळणीवर हलक्या हातानं फिरवून बिया वेगळ्या केल्या. मिक्सर लावला नाही, कारण बी फुटता कामा नये. बियांच्या आतला गर विषारी असतो आणि डोळ्यांत गेला तर फार इजा करतो. म्हणून बिया लगेच मोजून-मापून कचऱ्यात. त्यांच्याशी खेळ नाही.

एक वाटी गराला एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर घातली. लिंबानं गर काळा पडायचं प्रमाण कमी होतं. मग छोट्या छोट्या डब्यांत, एका वेळेला लागेल एवढाच गर भरला. वर बोटभर जागा सोडली, कारण गोठताना गर फुगतो. झाकणावर तारीख लिहिली आणि डबे बर्फाच्या कप्प्यात ठेवले.

दोन-तीन महिन्यांत वापरायचं. एकदा डबा वितळला, की त्याच दिवशी संपवायचा, पुन्हा गोठवायचा नाही. आमच्याकडे वीज गेली की पहिला नियम हा, की फ्रीजचं दार उघडायचं नाही. गर वितळून कोमट झाला असेल तर सरळ टाकून द्यायचा, मायेनं ठेवायचा नाही.

करून पाहा

आता तुमच्यासाठी दोन कामं. दोन्हींत घरातलं एक मोठं माणूस सोबत हवं, कारण सुरी आहे.

पहिलं काम तासाभराचं. सफरचंदाच्या किंवा केळ्याच्या दोन चकत्या घ्या. एकीला लिंबाचा रस चोळा, दुसरीला नको. एका तासानं पाहा, कुठली काळी पडली? फळ कापलं की त्यातली विकरं आणि हवा मिळून हा काळपटपणा आणतात. लिंबाचा आंबटपणा विकरांना अडवतो.

दुसरं काम महिनाभराचं, आणि इथे बरणी चालेल! एक किलो पातळ सालीची लिंबं धुऊन अगदी कोरडी पुसा. प्रत्येकाच्या आठ फोडी करा आणि बिया काढा. त्यांना २०० ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद लावून कोरड्या बरणीत दाबून भरा. वर थोड्या लिंबांचा रस पिळा, म्हणजे फोडी खारात बुडतील. रोज कोरड्या चमच्यानं हलवा. तीन-चार आठवड्यांत साली मऊ होतील. मग तिखट किंवा गूळ, घरात आवडेल ते घाला.

वहीत रोज एक ओळ लिहा. पाणी कधी सुटलं? रंग कधी बदलला? साल कधी मऊ झाली? ओला चमचा घालणारा घरात कोण, तेही लिहा!

आणि पालकांना एक विनंती. मीठ "जरा जास्तच वाटतंय" म्हणून ते निम्मं करू नका. लोणच्यातलं मीठ चवीपुरतं नसतं, ते राखणदार असतं. कमी मिठाचं हवं असेल तर थोडंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. मोबाइलवर पाहून मका, वाटाणा, लसूण-तेल किंवा फळाचा गर बरणीत बंद करून कपाटात ठेवायच्या आधी एकच प्रश्न विचारा: हे आंबट आहे का? नसेल, तर बरणी नको.

संक्रांतीची बासुंदी

संक्रांतीला अक्का आली. आता केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात. नातीनं आदल्या रात्रीच एक डबा काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. सकाळी दूध आटवायला घेतलं. दूध आटलं तशी ती डबा घेऊन पातेल्याकडे धावली.

"थांब!" अक्का म्हणाली. "आधी बासुंदी पार गार होऊ दे. गरम दुधात सीताफळ घातलं तर कडू होतं."

नात माझ्याकडे पाहून हसली. अक्काला पीएच माहीत नाही, विकरं माहीत नाहीत. पण माझी दुसरी बाटली का बिघडली, हे तिला न सांगता ठाऊक होतं. तिच्या आईनं तिला स्वयंपाकघरात शिकवलेलं.

बासुंदी गार झाली, गर मिसळला. अक्कानं पहिला चमचा तोंडात घातला. बाहेर डोंगरावर त्या दिवसांत सीताफळाच्या झाडांवर एक फळ नव्हतं, पानंसुद्धा गळायला लागली होती.

"धारूरचंच आहे," ती म्हणाली आणि वाटी पुढे केली. "अजून आहे का?"

नातीनं झाकणावरची तारीख वाचून दाखवली आणि सांगितलं, "आजी, उरलेलं आजच संपवायचं असतं."

आम्ही संपवलं.